दुसरी छत्री

विमानातून उडी मारणाऱ्या माणसाच्या पाठीवर एक नव्हे, दोन छत्र्या असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. खाली नेहमीची, वर राखीव. दोन्ही एकाच पिशवीत, पण वेगवेगळ्या कप्प्यांत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांना राखीव छत्री दिलीच जात नसे. एकच छत्री, ती उघडली तर उघडली. आज हौसेने उडी मारणाऱ्यालाही दुसरी छत्री असल्याशिवाय विमानात कोणी चढू देत नाही.

मी राजूरला अनेक वर्षे विज्ञान शिकवले. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात नोकरीला आहे. तिने या उड्यांचे प्रशिक्षण घ्यायचे ठरवले, तेव्हा तिची आई माझ्याकडे आली. म्हणाली, ‘‘सर, तुमचं ती ऐकेल. छत्री नाय उघडली तर काय करायचं पोरीनं?’’ मी म्हटले, ‘‘वहिनी, त्याचा हिशेब लोकांनी मांडून ठेवलाय. साधारण हजार उड्यांत एकदा पहिली छत्री दगा देते आणि राखीव वापरावी लागते.’’ त्यावर त्या माउलीचा चेहराच उतरला. ‘‘म्हणजे हजारात एक पोर जाणार?’’

नाही. आणि हाच मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेत या खेळाच्या नोंदी नीट ठेवल्या जातात. तिथे २०२३ साली सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० माणसे दगावली. हजाराला एक हे प्रमाण धरले, तर त्या वर्षात साडेतीन हजारांहून अधिक वेळा राखीव छत्री उघडावी लागली असणार. म्हणजे पहिली छत्री बिघडणे ही गोष्ट तशी दुर्मीळ, पण अनपेक्षित नव्हे. जो माणूस आयुष्यात तीन-चार हजार उड्या मारतो, त्याने हा प्रसंग आपल्यावर तीन-चारदा येणार असेच धरून चालावे. शे-दोनशे उड्या मारून थांबणाऱ्याला तो बहुधा कधी दिसणारही नाही.

‘बिघडली’ म्हणजे काय, तेही पाहू. छत्री पिशवीतून मुळीच बाहेर न येणे हा प्रकार क्वचितच घडतो. बहुतेक वेळा ती येते, पण धड येत नाही. कधी फुगतच नाही, लांबलचक फडक्यासारखी डोक्यावर फडफडत राहते. कधी एखादी दोरी कापडावरून जाते आणि छत्रीचे मधोमध दोन फुगे होतात. कधी दोऱ्यांना पीळ बसतो. झोपाळ्याला पीळ दिल्यावर मुले पाय झाडून तो सोडवतात ना, तसाच हा पीळही बऱ्याचदा सुटतो. तेव्हा प्रत्येक गडबड राखीव छत्रीपर्यंत जात नाही. उडी मारणाऱ्याने वर पाहायचे आणि स्वतःला विचारायचे: पूर्ण उघडली का? आकार नीट आहे का? वळवली तर वळते का? यातल्या एकाचेही उत्तर ‘नाही’ आले आणि उंची संपत आली, की त्या छत्रीचा मोह सोडायचा.

मोह सोडायचा म्हणजे अक्षरशः तोडून टाकायची. कारण बिघडलेली छत्री डोक्यावर फडफडत असताना दुसरी उघडली, तर दोन्ही एकमेकींत अडकण्याची भीती. म्हणून उजवीकडची मूठ ओढून पहिली छत्री अंगापासून मोकळी करायची आणि मग डावीकडची मूठ ओढून राखीव उघडायची. १९७०च्या दशकात बिल बूथ नावाच्या अमेरिकन माणसाने यासाठी तीन कड्यांची एक जोडणी काढली. मोठे कडे मधल्याने अडवायचे, मधले लहानाने, आणि लहान कडे एका बारीक दोरीने. पूर्ण माणसाचा भार, पण शेवटच्या दोरीवर त्याचा अगदी थोडा अंश येतो. तरफेचा धडा आपण सातवी-आठवीत शिकवतो, त्याचा इतका सुंदर उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

आता वेळ किती मिळतो? नेहमीची उडी सुमारे १३ हजार फुटांवरून असते, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ अडीच पट. पोटावर आडवा पडणारा माणूस ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेग घेतो. भंडारदऱ्याच्या धरणाची भिंत सुमारे ८२ मीटर उंच आहे; तेवढे अंतर तो दीड सेकंदात पार करतो. नवशिक्याला शिकवतात, की अडीच हजार फुटांवर आलास की निर्णय झालाच पाहिजे. छत्रीने वेग मुळीच आवरला नसेल, तर तिथून जमीन १४ सेकंदांवर असते. घात होतो तो इथे. ‘अजून एकदा झटका देऊन पाहतो’ म्हणत माणूस पहिल्या छत्रीशी झगडत राहतो आणि राखीव उघडायला उंचीच उरत नाही.

त्यावरही एक उपाय निघाला आहे. १९९१ साली जर्मनीत ‘सायप्रेस’ नावाचे छोटे यंत्र आले. ते हवेच्या दाबावरून उंची आणि वेग ओळखते. सुमारे ७५० फुटांवरही माणूस दगडासारखा पडत असेल, तर ते राखीव कप्पा बांधणारा फास कापते आणि छत्री आपोआप बाहेर पडते. बेशुद्ध पडलेली, गोंधळलेली माणसे त्याने वाचवली आहेत. पण पहिली छत्री अर्धवट उघडली असेल आणि वेग बेताचा असेल, तर यंत्र गप्प बसते. तिथे माणसाचाच हात लागतो.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर उडी मारली, ती २,४०० फुटांवरून, उणे ३७ अंश सेल्सियस थंडीत. आपण त्या पराक्रमाचे कौतुक थंडीसाठी करतो. मला मात्र ती उंची जास्त धडकी भरवते. गफलतीला जागाच नाही. पुढे २०१८ साली थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली. वर्तमानपत्रांतून साडीचेच फोटो आले. पण कल्पना करा, वाऱ्याच्या त्या माऱ्यात पदराचे एक टोक सुटून त्या दोन मुठींवर आले असते तर? ती साडी नेसणे हेसुद्धा उडीइतकेच जोखमीचे काम.

आणखी एक गोष्ट ऐकून वहिनींना आश्चर्य वाटले. पहिल्या छत्रीची घडी पुष्कळ जण स्वतः घालतात. राखीव छत्रीची घडी मात्र परवानाधारक माणूसच घालतो, सही करतो आणि सील लावतो. अमेरिकेत १८० दिवस झाले की ती वापरली नसली तरी उघडून, तपासून पुन्हा घालावी लागते.

आणि तरीही माणसे दगावतात ती कशाने? गेल्या काही वर्षांत त्यातला मोठा वाटा उतरताना झालेल्या चुकांचा आहे. छत्री उत्तम उघडलेली असते, पण जमिनीजवळ कोणी वेगात वळण घेतो, आणि वळताना छत्री झपकन खाली येते. हौशी, अनुभवी मंडळी लहान आकाराच्या, चपळ छत्र्या घेतात. त्यांना हा धोका अधिक.

म्हणून वहिनींना मी सांगितले, मुलीला ‘जाऊ नको’ म्हणू नका, एवढेच विचारा की जमिनीवर किती सराव घेतात. चांगल्या ठिकाणी आधी पट्ट्यांमध्ये लटकवून ठेवतात, समोर बिघडलेल्या छत्रीचे चित्र धरतात आणि मुठी ओढायला लावतात. आधी उजवी, मग डावी. हात विचार न करता जाईपर्यंत.