शेळीची लस गाईला

सन 2022 च्या श्रावणात जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात लंपी चर्मरोगाची गुरे आढळली आणि थोड्याच आठवड्यांत त्याची झळ मराठवाड्यालाही लागली. सप्टेंबरात शासनाने संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र घोषित केले. गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. जालना जिल्ह्यात ज्यांचा संसार बैलजोडीवर चालतो त्यांना हा निर्बंध जड गेला. दाटीने गुरे राहतात अशा गोशाळा व पांजरपोळांना मात्र बाहेरचे जनावर आत न येण्यातच दिलासा होता.

लसीकरण सुरू झाले तेव्हा अनेकांना एका गोष्टीचे नवल वाटले. गाईंना टोचली जाणारी लस शेळ्यांच्या देवीची होती. दोन्ही विषाणू एकाच कुळातले असल्याने ती गुरांनाही संरक्षण देते, म्हणून केंद्राने तिला संमती दिली होती. खास लंपीसाठीची ‘लंपी-प्रोव्हॅकइंड’ ही देशी लस हिसार व इज्जतनगर येथील शास्त्रज्ञांनी सिद्ध केली होती. रांचीच्या 2019 मधील विषाणूला प्रयोगशाळेतील पेशींवर पुनःपुन्हा वाढवून त्यांनी निस्तेज केले. 10 ऑगस्ट 2022 रोजी तिची घोषणा झाली. पण घोषणा म्हणजे परवाना नव्हे.

जनावरांची लसही औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 खाली येते. निर्मितीसाठी परवाना लागतो. प्रत्येक घाणीची निर्जंतुकता, सुरक्षितता व परिणामकारकता तपासावी लागते. गोठ्यात गाय तडफडत असताना हा विलंब क्रूर भासतो. तथापि जिवंत विषाणूची लस पुरेशी निस्तेज नसेल तर तीच रोग पसरवू शकते, आणि शेकडो मुक्या जिवांच्या गोशाळेत त्याचा अर्थ काय होईल, हे सांगायला नको.

29 डिसेंबर 2022 रोजी नागपुरात या लसीचे तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्याचा करार झाला. घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार यांच्या लसी बनवणारी ही शासनाचीच संस्था. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये एका खासगी कंपनीच्या लंपी लसीला केंद्रीय परवाना मिळाला. लस घेतलेले जनावर व रोग होऊन गेलेले जनावर यांतील फरक तपासणीत कळावा, अशी तिची रचना आहे.

कायद्याचा पहारा कारखान्याच्या दारापर्यंत कडक असतो. पुढचा प्रवास शीतपेटीचा. 2 ते 8 अंश तापमान सुटले, तर चोख परवान्याची लसही पाण्यासमान होते. म्हणून गोशाळेच्या नोंदवहीत जनावराच्या बिल्ल्याशेजारी कुपीचा घाणा क्रमांक, मुदत आणि बर्फ शिल्लक होता की नाही, एवढे तरी लिहिलेले असावे.