गायतोंडे यांचे चित्र: किंमत, मोल आणि परतावा

मागच्या वर्षी नवरात्रात माझ्या मावसभावाचा फोन आला. तो सरकारी नोकरीतून नुकताच निवृत्त झालेला, फंडाचे पैसे हातात आलेले. त्याच आठवड्यात वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे एक चित्र लिलावात ६७ कोटी ८ लाख रुपयांना गेल्याची बातमी सगळीकडे होती. "दादा, तुझ्या त्या गायतोंड्यांचं एक चित्र मिळतंय," तो म्हणाला. "कागदावरचं आहे, लहान. अठरा लाख म्हणतोय. सर्टिफिकेट आहे. दोन लाख टोकन देऊन ठेवलेत."

'तुझ्या त्या' असे तो म्हणाला, त्याला कारण आहे. मी जे. जे.ची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. बँकेत नोकरी केली, पन्नाशीत स्वेच्छानिवृत्ती घेतली. मात्र गेली पंचवीस वर्षे प्रदर्शनांची आणि लिलावांची कॅटलॉग जमवत आलो आहे. काही रद्दीतून, काही फोर्टच्या फुटपाथवरून. त्यामुळे नात्यागोत्यात कुणाला चित्राविषयी काही विचारायचे झाले की फोन मला येतो. भावाला मी जे समजावले, तेच इथे थोडे विस्ताराने मांडतो आहे.

विक्रमांचा हिशेब

आधी आकडे. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ख्रिस्तीज या संस्थेने भारतातला आपला पहिला लिलाव केला. त्यात गायतोंडे यांचे १९७९ सालचे चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले. २०१५ मध्ये १९९५ सालचे चित्र २९ कोटी ३० लाखांना. २०२१ मध्ये १९६१ सालचे चित्र ३९ कोटी ९८ लाखांना, २०२२ मध्ये १९६९ सालचे ४२ कोटींना. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ६७ कोटींचा आकडा.

ही यादी वाचताना शिडी चढल्यासारखे वाटते. पण शिडीची प्रत्येक पायरी वेगळ्या चित्राची आहे. १९७९चे चित्र २०१३ मध्ये ज्याने घेतले, त्याला २०२५चे ६७ कोटी मिळालेले नाहीत. एकाच इमारतीतला तळमजल्याचा गाळा आणि गच्चीवरचा फ्लॅट यांचे भाव एकापुढे एक लिहून 'जागा इतकी वाढली' असे आपण म्हणणार नाही. चित्रांच्या बाबतीत मात्र सर्रास म्हणतो. परतावा मोजायचा तर तेच चित्र दोनदा विकले गेलेले हवे, आणि अशी उदाहरणे शोधावी लागतात.

तरीही वादासाठी धरून चालू की सगळे विक्रम एकाच चित्राचे आहेत. २३ कोटी ७० लाखांचे ६७ कोटी ८ लाख व्हायला पावणेबारा वर्षे लागली. चक्रवाढीने हा दर वर्षाला सुमारे नऊ टक्के येतो. त्याच काळात सेन्सेक्स २१,००० च्या आसपासून ८०,००० च्या आसपास गेला, म्हणजे लाभांश न धरता बारा टक्क्यांच्या जवळपास. शिखरावरून शिखरावर उडी मारूनही चित्र मागेच राहिले. आणि प्रत्यक्षात अशी उडी कुणाच्याच वाट्याला आलेली नाही.

त्यात खर्च धरलेला नाही. लिलावात हातोडा एक कोटीवर पडला, असे समजू. घेणाऱ्याला त्यावर लिलावसंस्थेचे प्रीमियम द्यावे लागते; ते वीस टक्के धरू. झाले एक कोटी वीस लाख. त्यावर पाच टक्के जीएसटी धरला तर एक कोटी सव्वीस लाख. आता तेच चित्र विकायला काढले आणि संस्थेने विकणाऱ्याकडून दहा टक्के कमिशन घेतले, तर आपले एक कोटी सव्वीस लाख परत मिळण्यासाठी हातोडा एक कोटी चाळीस लाखांवर पडायला हवा. म्हणजे फायदा शून्य आणि भाववाढ चाळीस टक्के. ही वाढ सहा वर्षांत झाली तर वर्षाला पावणेसहा टक्क्यांहून थोडी जास्त. एवढे नुसते पाण्यावर डोके ठेवण्यासाठी. विमा, योग्य हवामानात ठेवणे, डागडुजी हे वेगळेच. शिवाय चित्रे 'वैयक्तिक वापराच्या वस्तू' या सवलतीतून २००७च्या वित्त कायद्याने वगळली गेली. नफ्यावर भांडवली कर लागतो.

मग किंमत येते कुठून?

एवढे ऐकून भाऊ म्हणाला, "मग लोक कोट्यवधी देतात ते काय वेडे म्हणून?" प्रश्न रास्त आहे.

गायतोंडे यांचा जन्म १९२४चा, नागपूरचा. घराणे मूळ गोव्याचे. बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. १९४८ मध्ये जे. जे.मधून पदविका, नंतर प्रोग्रेसिव्ह गटाशी संबंध, १९५७ मध्ये टोकियोला तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिले पारितोषिक. १९६४-६५ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क. १९७२ मध्ये ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनच्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, एकटे राहिले. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणे त्यांना मान्य नव्हते. ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. काढण्यापेक्षा विचार करण्यात वेळ जास्त जाई. वर्षाला पाच-सहाच चित्रे पूर्ण होत, असे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी नोंदवले आहे. १९८४ मध्ये अपघात झाला आणि पुढची काही वर्षे मोठा कॅन्व्हास थांबला. कागदावरची लहान रेखाटने तेवढी झाली. २००१ मध्ये ते गेले.

म्हणजे चित्रे मुळात कमी. त्यातली बरीच संग्रहालयांत आणि संस्थांत कायमची गेलेली. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचे एक चित्र १९६३ मध्येच घेतले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी जमवलेल्या संग्रहात ते आहेत. जी चित्रे बाजारात येतात त्यांतही काळ पाहिला जातो. साठच्या दशकाच्या अखेरपासूनचे उभे कॅन्व्हास सर्वांत जास्त मागितले जातात.

दुसरे कारण कायद्याचे आहे. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, ठाकूर घराण्यातले चित्रकार अशा नऊ जणांची चित्रे 'राष्ट्रीय कलानिधी' मानली जातात आणि देशाबाहेर नेता येत नाहीत. गायतोंडे त्या यादीत नाहीत. त्यामुळे त्यांच्या चित्रासाठी मुंबईबरोबर न्यूयॉर्क-लंडनचाही गिऱ्हाईक बोली लावू शकतो. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. असे प्रदर्शन म्हणजे बाजाराच्या भाषेत जगभर चाललेली मोहोर. २०१३च्या लिलावात त्या चित्राचा अंदाज साडेसहा ते साडेआठ कोटींचा होता. गुगेनहाइम प्रदर्शनाची तयारी तेव्हा चालू होती, हे विसरून चालत नाही.

तिसरे कारण चित्राच्या पृष्ठभागातच आहे. गायतोंडे रोलरने रंगाचे थर देत, रंगात भिजवलेले फाटके कागद कॅन्व्हासवर ठेवून उचलत, सुरीने खरवडत, पुन्हा थर देत. समोरून एकच रंग दिसतो. बाजूने उजेड पडला की आतले थर वर येतात. छापील कॅटलॉगमध्ये हे निम्मेही दिसत नाही. मीही अनेक वर्षे छापील चित्रांवरून मते बनवत होतो. प्रत्यक्ष कॅन्व्हाससमोर पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा ती मते बदलावी लागली.

कागदाची साखळी

या तिन्ही कारणांवर एक चौथी गोष्ट उभी असते, आणि भावाच्या व्यवहारात नेमकी तीच नव्हती. ती म्हणजे मालकीची साखळी. चित्र चित्रकाराच्या हातून कुणाकडे गेले, तिथून कुणाकडे, कुठल्या प्रदर्शनात लागले, कुठे छापले गेले. ही साखळी अखंड असेल तर किंमत, तुटलेली असेल तर शंका.

मी भावाला चारच प्रश्न विकणाऱ्याला विचारायला सांगितले. पहिल्यांदा हे कुणी आणि केव्हा घेतले? त्याची पावती, पत्र किंवा जुना फोटो आहे का? हे कुठल्या कॅटलॉगमध्ये आले आहे? आणि सर्टिफिकेट देणाऱ्याने चित्राचा अभ्यास कशाच्या आधारे केला?

उत्तरे अशी आली. "दिल्लीचं एक कुटुंब आहे, नाव सांगायचं नाही." "जुनी माणसं पावत्या कुठे ठेवतात?" "कॅटलॉगमध्ये नाही, म्हणून तर स्वस्त." सर्टिफिकेटवर शिक्का मोठा होता, आधार एका ओळीचाही नव्हता. मोठ्या कॅन्व्हासच्या मागे गायतोंडे यांची सही अनेकदा देवनागरीत, आणि सही-साल इंग्रजीत, अशी दोन्ही आढळते. हे जाणणारा नकलाकारही दोन्ही लिपी गिरवतो. सही हा पुरावा नाही, पुराव्याची सुरुवात आहे. ते चित्र खोटेच आहे असे मी म्हणू शकत नव्हतो. तसे म्हणायला प्रयोगशाळा आणि माझ्याहून जाणते डोळे हवेत. एवढेच म्हणालो की हे अठरा लाखांना घेतलेस, तर उद्या कुठलीही जबाबदार लिलावसंस्था ते विकायला घेणार नाही. ज्याला गिऱ्हाईक नाही, त्याला भाव कसला? भाऊ थांबला. टोकनचे दोन लाख मात्र परत आले नाहीत. फंडाच्या पैशातून गेलेले ते दोन लाख घरात अजून कुणी बोलून दाखवत नाही.

गायतोंडे यांची एक गोष्ट मला अधिक बोचते. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने एक कलम आले. मूळ चित्र १०,००० रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला किंवा वारसांना कमाल दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळावा, असे ते म्हणते. वर दिलेला एकही विक्रम त्यांच्या हयातीतला नाही. आपण ज्याला परतावा म्हणतो तो चित्र काढणाऱ्याच्या बरसातीपर्यंत पोहोचला नाही. पन्नास-साठच्या दशकांत ज्यांनी ती चित्रे घेतली, त्यांच्यासमोर वाढीव भावाचे कुठलेही आमिष नव्हते. त्यांना ती पाहावीशी वाटली, म्हणून त्यांनी घेतली. आजच्या किमतीला आधार त्यांच्या त्या पाहण्याचा आहे.

मीही एकदा फसलो, हे सांगायला हवे. २००७ मध्ये, चित्रांचा बाजार तेजीत असताना, एका तरुण चित्रकाराचे अमूर्त चित्र चाळीस हजारांना घेतले. मनात दुप्पट होण्याचा हिशेब होता. पुढच्या वर्षी जगभर मंदी आली आणि ते चित्र पंधरा हजारांनाही कुणी विचारेना. ते अजून माझ्या खोलीत आहे. सकाळी साडेसात-आठच्या उजेडात त्यातला एक करडा पट्टा किंचित हिरवा दिसतो, हे मला पाचव्या-सहाव्या वर्षी लक्षात आले. हिशेब चुकला, पण चित्र मला पुरले आहे.

त्याच्या मागे एक पाकीट चिकटवले आहे. आत चित्रकाराच्या हातची पावती, तारीख, प्रदर्शनाचे निमंत्रण आणि त्या दिवशी काढलेला फोटो. आपल्या घरांत अशी कितीतरी चित्रे पावतीवाचून भिंतीवर आहेत. या दिवाळीत साफसफाई करताना त्यांच्या मागे कुणाकडून, कधी, कितीला घेतले एवढे तरी लिहून ठेवा. पुढे कुणाला तो चित्रकार शोधावा लागला, तर सुरुवात तिथूनच होईल.