सावलीतल्या ओलीला मंडूकपर्णीची सोबत

इमारतीची उत्तरेकडील बाजू, विहिरीचा काठ, सुपारीच्या बागेतील पाट अशा ओलसर सावलीत गुलाब-शेवंती तग धरत नाहीत. मंडूकपर्णीला मात्र हीच जागा मानवते. ओढ्याकाठी आणि भातखाचरांच्या बांधांवर जमिनीलगत पसरणारी ही देशी बहुवर्षायू वनस्पती कोथिंबिरीच्या कुळातील आहे.

रोप विकत घेताना नावाचा घोळ होतो. रोपवाटिकांत मंडूकपर्णी बहुधा 'ब्राह्मी' म्हणूनच मिळते आणि नीरब्राह्मीलाही तेच नाव आहे. मंडूकपर्णीचे पान लांब देठाचे, वाटोळे व कडेला बोथट दातांचे असते. नीरब्राह्मीची पाने इवलीशी, मांसल, समोरासमोर येणारी. हा भेद केवळ पंडिती नव्हे. नीरब्राह्मीला ऊन हवे असते, त्यामुळे सावलीत लावलेली ती खुरटते आणि दोष मात्र मातीला दिला जातो.

लागवड पावसाळ्याच्या आरंभी करावी. बियांची वाट पाहण्याचे कारण नाही. जमिनीवर धावणाऱ्या खोडाला पेरापेराशी मुळे फुटतात. असा मुळे धरलेला तुकडा फूटभर अंतराने लावावा. माती, शेणखत व थोडी वाळू यांचे मिश्रण पुरेसे होते. कुंडी खोल नसली तरी चालेल, पण ती पसरट हवी. सावली विरळ असावी. गर्द अंधारात देठ लांबतात व पाने पातळ पडतात, तर कडक उन्हात पाने बारीक राहून तांबूस होतात. एप्रिल-मे महिन्यांत माती एकदा कोरडी पडली, तर वाफा पाहता पाहता सुकतो.

खरी दक्षता पाण्याची. ही पाने अनेकदा कच्ची खाल्ली जातात. कानडी मुलुखात 'ओंदेलग' या नावाने त्यांची ताकातील तंबुळी होते. शिवाय ही वनस्पती माती-पाण्यातील जड धातू शोषून घेते. त्यामुळे मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेला हिरवागार वाफा कितीही मोहक दिसला, तरी त्याची पाने ताटात येता कामा नयेत. गटाराकाठून खुडून आणलेल्या भाजीलाही हेच लागू आहे. औषध म्हणून नियमित सेवन करायचे झाल्यास, विशेषतः गर्भवतींनी व यकृताचा विकार असणाऱ्यांनी, आधी वैद्यांना विचारावे.

साधारण तीन महिन्यांनी पाने देठासह खुडता येतात. मुळे न उपटल्यास फूट पुन्हा येते.