बालवाडीला मदत हवी? आधी वही वेगळी करा

कापसाची वेचणी लागली की मायबाप दोघेही वावरात. मग तीन वर्षांचं पोर ठेवायचं कुणाजवळ? गावात चर्चची बालवाडी असली तर मजूर घरांना मोठाच आधार होतो. नागपुरात मिशनचे शिक्षणकार्य जुनेच. स्टीफन हिस्लॉप यांनी येथे १८४६ साली शाळा काढली.

पण सतरंज्या, पाट्या, खेळणी घ्यायला पैसा लागतो. मदत मागितली की कुणी म्हणतो, ‘चर्चला पैसे कसे द्यायचे?’ प्रश्न चूक नाही. राज्यघटनेच्या २७व्या कलमानुसार एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी लोकांवर कर लादता येत नाही. म्हणून अर्ज प्रार्थनेसाठी नव्हे, पोरांसाठी करावा. बालवाडी सर्व जातिधर्मांच्या मुलांना खुली ठेवावी. बँक खाते वेगळे, खर्चाची वही वेगळी.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून काय बसते, हे पंचायतीत विचारावे, विषय ग्रामसभेत मांडावा. दानशूर संस्थेकडे जायचे तर धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी आणि तपासलेले हिशेब हाताशी हवेत. परदेशातून पैसा घेण्यासाठी मात्र २०१० च्या कायद्याप्रमाणे केंद्राची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते.

मागणी लहान असली तरी मुले किती, वस्तू कोणत्या, भाव काय, हे एका कागदावर मांडावे. सरपंचांनीही एकदा बालवाडीत जाऊन बसावे. अर्ज कुणाचा, यापेक्षा तिथे पोरं कुणाची बसली आहेत, ते पाहावे. ती आपल्याच गावची असतात.