चष्मा उतरतो, डोळा तोच राहतो

भाचीचा साखरपुडा झाला आणि घरात पहिली चर्चा निघाली ती तिच्या चष्म्याची. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त धरायचा होता, त्याआधी ‘नंबर काढून टाकू’ असं ताईच्या मनात होतं. भाचीलाही ते हवंच होतं, पण तिचं कारण वेगळं. मायनस पाच नंबरचं माणूस सकाळी जाग आली की आधी उशीजवळ हात फिरवतं. चष्मा हाताला लागेपर्यंत समोरच्या भिंतीवरचं घड्याळही दिसत नाही. तिला त्याचा कंटाळा आला होता. तपासणीला निघालो तेव्हा तिचा धाकटा भाऊही ‘माझेही बघून घेऊ’ म्हणत बरोबर आला. त्याचा नंबर मायनस तीन, म्हणजे बहिणीपेक्षा कमी. दुपारी परतलो तेव्हा बहिणीला होकार मिळाला होता आणि भावाला नकार. असं का झालं, हे समजून घेताना मला नंबर काढायची ही लेसर शस्त्रक्रिया कळली.

नंबर कुठून येतो

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. तो याहून लांबला की दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच तयार होते. एक मिलिमीटर लांबी वाढली की अडीच-तीन नंबर चढतो. चष्म्याचं अंतर्गोल भिंग किरणांना थोडं फाकवतं आणि प्रतिमा मागे पडद्यावर नेतं. हेच काम डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेकडून, म्हणजे पारपटलाकडून करून घेता येतं. डोळ्याची जवळजवळ दोन तृतीयांश शक्ती या पारपटलाचीच असते. ते मध्यभागी किंचित सपाट झालं की नंबर उतरतो.

जपानच्या त्सुतोमु सातो यांनी १९३०च्या दशकात पारपटलाला आतून चिरा देऊन हे करून पाहिलं. पारपटल स्वच्छ ठेवणाऱ्या आतल्या पेशी गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. काही वर्षांनी अनेक रुग्णांची पारपटलं धुरकट झाली. कोलंबियात होसे इग्नासिओ बराकेर यांनी पारपटलाची चकती कापली, गोठवली, लेथवर घासली आणि परत बसवली. मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी १९७०च्या दशकात बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा दिल्या. पारपटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. इतक्या नाजूक कामाला पातं, कितीही धारदार असलं तरी, कमीच पडत होतं.

सणाचं उरलेलं मांस

पात्याला पर्याय सापडला तो डोळ्यांशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेत. मद्रासमध्ये जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात काम करत होते. अतिनील लेसरने प्लास्टिक कसं कोरलं जातं, याचे त्यांचे प्रयोग चालू होते. २७ नोव्हेंबर १९८१, थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस. सणाच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा ते प्रयोगशाळेत घेऊन आले आणि त्यावर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेसर सोडला. रेखीव खाच पडली आणि शेजारचा भाग मुळीच करपला नाही. हा प्रकाश रेणूंमधले बंधच तोडतो. सुटलेले कण, उष्णता शेजारी पोचायच्या आत, उडून जातात. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे त्यांचे या कामातले सहकारी. १९८३मध्ये श्रीनिवासन आणि नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी हाच लेसर पारपटलावर चालतो हे दाखवून दिलं. पुढे १९९०च्या सुमारास क्रीट बेटावरच्या योआनिस पालिकारिस यांनी पारपटलाचा पातळ पापुद्रा उचलायचा, त्याखाली लेसर सोडायचा आणि पापुद्रा पुन्हा मिटवायचा, ही रीत बसवली. आपण जिला ‘लॅसिक’ म्हणतो ती हीच.

अर्ध्या मिलिमीटरचा हिशोब

भाचीच्या पारपटलाची जाडी ५४० मायक्रॉन भरली. डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीमागेच गणित मांडलं. पापुद्र्याचे ११० गेले. एका नंबरमागे १२ ते १५ मायक्रॉन, म्हणजे पाच नंबरचे सत्तर. खाली उरले ३६०. किमान २५० उरायलाच हवेत. गणित बसलं.

भाच्याची जाडी ५०५. नंबर कमी असल्याने त्याचंही गणित बसत होतं. डॉक्टर थांबले ते पारपटलाच्या रंगीत नकाशापाशी. भाचीच्या नकाशावर दोन्ही बाजूंना सारखे रंग होते, याच्या नकाशावर खालच्या अंगाला तांबडा फुगवटा. ‘डोळे चोळतोस का रे?’ त्यांनी विचारलं. लहानपणापासून ॲलर्जी, त्यामुळे चोळणं रोजचंच. केरॅटोकोनसची, म्हणजे पारपटल कमजोर होऊन शंकूसारखं पुढे येण्याच्या आजाराची ही सुरुवात असू शकते. ‘चष्मा हा काही आजार नाही,’ डॉक्टर म्हणाले, ‘पण या डोळ्याला लेसर लावला तर मीच तुला आजार देईन.’

म्हणूनच तपासणी शस्त्रक्रियेइतकीच महत्त्वाची. वय किमान १८ हवं, नंबर वर्षभर स्थिर हवा, गरोदरपणी आणि अंगावर पाजताना थांबायला हवं. कॉन्टॅक्ट लेन्समुळे पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो, म्हणून मऊ लेन्स तपासणीआधी आठवडा-दोन आठवडे बंद.

शस्त्रक्रियेच्या दिवशी भाची टेबलावर होती ती दहा-पंधरा मिनिटं. बधिर करणारे थेंब, पापण्यांना चिमटा, डोळ्यावर एक गोल कडी आणि काही क्षण काळोख. मग लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघायचं. टकटक आवाज आणि जळक्या केसांसारखा वास. खरं तर काहीच जळत नसतं, वास येतो तो उडालेल्या कणांचा. टाके नाहीत. रात्री डोळे चुरचुरले, पाणी वाहिलं. सकाळी सवयीने तिचा हात उशीकडे गेला आणि तेवढ्यात घड्याळ दिसलं, सहा वाजून दहा मिनिटं. पुढे काही महिने कोरडेपणासाठी थेंब घालावे लागले. रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती वलयंही दिसत, ती हळूहळू कमी झाली.

नंबर गेल्यावर

लेसरने पारपटल बदललं. डोळ्याची लांबी होती तेवढीच राहिली. लांब डोळ्यातलं दृष्टिपटल ताणलेलं असतं, त्याला छिद्र पडण्याचा किंवा ते सुटण्याचा धोका चष्मा गेला तरी जात नाही. अचानक ठिणग्या चमकल्या, काळे ठिपके वाढले किंवा नजरेवर पडदा आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी दरवर्षी करायचीच. चाळिशीही ठरल्या वेळी लागणार, कारण तिचा संबंध आतल्या भिंगाशी आहे. पारपटल पातळ झाल्याने डोळ्याचा दाब यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो, हे काचबिंदू तपासणाऱ्याला सांगायला हवं. उतारवयात मोतीबिंदू काढताना कृत्रिम भिंगाचं गणित लेसरनंतर अवघड होतं. तेव्हा आजची मापं उपयोगी पडतात.

भाची सासरी निघाली तेव्हा तिच्या बॅगेत चष्म्याच्या डबीच्या जागी ती फाइल होती, जुना नंबर, जाडी, नकाशे सगळ्यासकट. भाच्याने नवी फ्रेम घेतली आहे. डोळे चोळणं त्याने निग्रहाने सोडलंय आणि दर सहा महिन्यांनी तो नकाशा काढून येतो. त्या दिवशी तो हिरमुसला होता. आता त्या नकाराबद्दल डॉक्टरांचे आभार मानतो, आणि मीही मानते.