विंडोज ११ : पहिल्या महिन्यातली मतं किती काळ चालवायची?

५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली आणि त्याच महिन्यात तिच्याबद्दलची बहुतेक मतं पक्की झाली. गेम मंदावतात, टीपीएमची चिप विकत घ्यावी लागते, टास्कबारची पार वाट लावली आहे. यांतली काही मतं तेव्हा खरी होती, काही तेव्हाही चुकीची होती. आज मात्र दोन्ही सारख्याच ठामपणे सांगितली जातात. विंडोज १० ची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यावर मशीन ठेवायचं की बदलायचं, हे अनेक घरांत अशाच ऐकीव गोष्टींवर ठरतं आहे. प्रश्न हजारो रुपयांचा आहे, म्हणून प्रत्येक मत कोणत्या तारखेचं आहे ते पाहायला हवं.

‘एएमडीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ मंद चालते’ हे मत घ्या. सुरुवातीला ते खरंच होतं. प्रोसेसरमधल्या एल३ कॅशेतून माहिती मिळायला नव्या विंडोजमध्ये जास्त वेळ लागत होता. काही प्रोग्रॅम ३ ते ५ टक्के आणि काही ई-स्पोर्ट्स गेम १० ते १५ टक्के मंदावू शकतात, असं खुद्द एएमडीनेच जाहीर केलं. २१ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टचं दुरुस्तीचं अपडेट आणि एएमडीचा नवा ड्रायव्हर आला. जेमतेम अडीच आठवड्यांचा तो दोष होता.

मंदपणाचं दुसरं एक कारण मात्र दोष नव्हे. ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची सुरक्षा नव्या मशीनवर सहसा आधीपासून सुरू असते आणि ती थोडा वेग खाते. गेम खेळताना ती बंद करता येईल, पण नंतर पुन्हा सुरू करा, असं २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे ती बंद करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पीसी अजून जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर चालत असेल, तर विंडोज कोणतीही असो, आधी एसएसडी बसवून घ्यावी.

लोकांना सर्वांत महागात पडला तो टीपीएमचा गैरसमज. २४ जून २०२१ रोजी विंडोज ११ ची घोषणा झाली, ‘टीपीएम २.० हवं’ ही अट सगळ्यांनी वाचली आणि मदरबोर्डवर लावायच्या छोट्या टीपीएम मोड्यूलच्या किमती काही दिवसांत भडकल्या. बहुतेकांना ते मोड्यूल लागणारच नव्हतं. इंटेलच्या बाजूला पीटीटी आणि एएमडीच्या बाजूला एफटीपीएम या नावांनी हीच सोय फर्मवेअरमध्ये मिळते. विंडोज १० सोबत विकल्या जाणाऱ्या नव्या मॉडेलमध्ये टीपीएम २.० असणं जुलै २०१६ च्या अखेरीपासून बंधनकारकच होतं. असेंबल केलेल्या अनेक पीसींमध्ये ती सोय बायोसमध्ये बंद असायची, एवढंच. गोंधळ वाढवला तो मायक्रोसॉफ्टच्याच ‘पीसी हेल्थ चेक’ या साधनाने. त्याची पहिली आवृत्ती ‘हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही’ असं सांगे, पण का ते सांगत नसे. ती मागे घ्यावी लागली. आताची आवृत्ती नेमकं कारण दाखवते, तेव्हा खर्चाचा विचार करण्याआधी ती चालवून पाहा. बायोसमध्ये हात घालण्याआधी मात्र डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे का ते बघा आणि असल्यास रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती नसेल तर पीसी सुरू होऊनही फायली उघडणार नाहीत.

टीपीएम आपल्या फायली वाचतं, अशीही भीती घातली जाते. ते एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळतं, फायली चाळत नाही.

प्रोसेसरची अट मात्र वेगळी आहे. इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका, ही साधारण सीमारेषा. बायोसमधलं कोणतंही बटण ती हलवत नाही. सातव्या पिढीचा, १६ जीबी रॅमचा धडधाकट पीसीही बाहेर राहतो. त्या पिढीतल्या ज्या मोजक्या प्रोसेसरना मायक्रोसॉफ्टने नंतर आत घेतलं, त्यांत कंपनीच्याच सर्फेस स्टुडिओ २ मधला एक होता. ही तक्रार पहिल्या दिवशी रास्त होती आणि आजही तितकीच रास्त आहे. वाकड्या वाटेने विंडोज ११ टाकता येते, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही.

घाईच्या मतांचा जुना दाखला पाहायचा तर विंडोज विस्टाकडे वळावं लागेल. जानेवारी २००७ मध्ये ती ग्राहकांसाठी आली आणि ‘सतत क्रॅश होते’ म्हणून बदनाम झाली. अमेरिकेतल्या ‘विस्टा केपेबल’ खटल्यामुळे मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत ईमेल २००८ मध्ये उघड झाले, तेव्हा कळलं की कंपनीने नोंदवलेल्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे होते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कोडचा वाटा सुमारे १८ टक्के होता. म्हणून मायक्रोसॉफ्ट निर्दोष ठरत नाही. खटला मुळात याच मुद्द्यावर होता की ‘विस्टा केपेबल’चं स्टिकर लावलेल्या कित्येक मशीनवर तिचं गाजवलेलं एरो रूप चालतच नव्हतं. त्याच वर्षी कंपनीने विस्टा नापसंत असणाऱ्यांना ‘मोहावी’ या नावाने तीच विस्टा दाखवली आणि ती अनेकांना आवडली. पण तिथली मशीन कंपनीनेच निवडलेली होती, त्यामुळे त्या प्रयोगाला मी फार वजन देत नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेली, सर्वांची लाडकी विंडोज ७ विस्टाच्याच पायावर उभी होती. तोवर ड्रायव्हर सुधारले होते आणि मशीनही दणकट झाली होती.

टास्कबारबद्दलच्या तक्रारी खऱ्याच होत्या. मधोमध आलेली बटणं पहिल्या दिवसापासून सेटिंग्जमधून डावीकडे नेता येत होती, पण फाईल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅमवर नेण्याची सोय गायब होती. ती सप्टेंबर २०२२ मध्ये परतली. खिडक्यांची नावं वेगवेगळी दाखवण्याची सोय यायला २०२३ उजाडलं. उलटही घडलं: घोषणेत ज्यांचा गाजावाजा झाला ती अँड्रॉइड ॲप पहिल्या दिवशी नव्हतीच, पुढे आली आणि मार्च २०२५ मध्ये तो आधारही संपला. यायची आहे म्हणून सांगितलेल्या सोयीसाठी मशीन घेऊ नये.

‘विंडोज १० आता बंद पडणार’ हेही खरं नाही. ती चालत राहते, थांबतात ती सुरक्षेची मोफत अपडेट. घरगुती ग्राहकाला नोंदणी करून ही अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळू शकतात आणि त्यासाठी पैसे न भरण्याचा पर्यायही आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंट मात्र लागतं.

मराठीत काम करणाऱ्यांची एक खास तक्रार: ‘नवी विंडोज टाकली आणि मराठी फायलींचा कचरा झाला.’ श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाईलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात. त्यांना देवनागरीचं रूप देतो तो फॉन्ट. कॉम्प्युटरवाल्याने फॉरमॅट मारला की फॉन्ट पुसला जातो. तोच फॉन्ट पुन्हा टाकला की मजकूर जसाच्या तसा दिसतो. मंगल, निर्मला अशा युनिकोड फॉन्टमधल्या मजकुराला हा धोकाच नाही. टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक हे दोन्ही कीबोर्ड विंडोज ११ मध्ये आहेत. फोनेटिक तर विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासूनच मिळतो.

फॉरमॅट न मारता विंडोज १० वरून ११ वर गेलात, तर परत फिरण्यासाठी १० दिवस मिळतात. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी, तिथे ‘गो बॅक’. त्या दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचा टोकन, डीटीपीचा डोंगल आणि एखादी जुनी मराठी फाईल चालवून बघा. जुना ड्रायव्हर नव्या विंडोजशी जुळत नसेल तर तो तेव्हाच समोर येईल, आणि दहा दिवस उलटले की ‘गो बॅक’ची ती सोय जाते.