मावळात राहून एमपीएससी करायची, की पुण्यात खोली घ्यायची?

पदवीचा निकाल लागला की लोणावळा, कामशेत, वडगावातल्या घरांत एक प्रश्न हमखास येतो. “आता पुढं काय?” पोरगी सांगते, “एमपीएससी करणार.” लगेच वडिलांचा दुसरा प्रश्न, “मग पुण्यात खोली बघायची का?”

खोली बघण्याआधी ही परीक्षा आता मागते काय, ते समजून घेऊ. कारण २०२५ च्या राज्यसेवेपासून तिचं गणितच बदललंय.

नेमकं काय बदललं?

आधी मुख्य परीक्षा ८०० गुणांची होती आणि बहुतेक पेपर पर्यायी उत्तरांचे होते. आता ती वर्णनात्मक आहे. एकूण नऊ पेपर. मराठी आणि इंग्रजीचे प्रत्येकी ३०० गुण, पण त्यात फक्त २५ टक्के मिळवून पात्र व्हायचं. गुणवत्ता यादीत धरले जातात ते उरलेले सात पेपर, प्रत्येकी २५० गुणांचे. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि एका वैकल्पिक विषयाचे दोन. हे झाले १७५०. मुलाखतीचे २७५ धरून बेरीज २०२५.

हा बदल आधी २०२३ पासूनच लागू होणार होता. पण जुन्या पद्धतीने तयारी केलेले विद्यार्थी पुण्यात रस्त्यावर उतरले आणि तो २०२५ वर गेला. आत्ता पदवी घेणाऱ्यांना मोडायला जुनी सवयच नाही, हा त्यांचा फायदा.

पूर्व परीक्षा मात्र पर्यायी उत्तरांचीच आहे. २०० गुणांचे दोन पेपर. त्यातल्या सीसॅटमध्ये ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण पुरतात. चुकीच्या उत्तराला पाव प्रश्नाचे गुण कापले जातात. शेवटच्या वर्षाला असलात तरी पूर्व परीक्षेचा अर्ज भरता येतो.

मग पेठेत जायचं का?

लोणावळा ते पुणे ६४ किलोमीटर. लोकलला साधारण दीड तास, म्हणजे येऊन-जाऊन तीन. त्यात दुपारच्या लोकलचं अंतर मोठं. रोजचं अपडाऊन करून क्लास लावला तर अभ्यासाचा चांगला वेळ गाडीतच जातो. सदाशिव पेठेत राहायचं तर खोली, मेस, अभ्यासिका आणि क्लास असे चार खर्च.

शिवाय परीक्षा ठरल्या दिवशी होईलच असं नाही. २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्व परीक्षा विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली. २८ सप्टेंबर २०२५ ची पूर्व परीक्षा पूरस्थितीमुळे ९ नोव्हेंबरला गेली. परीक्षा पुढे गेली तरी खोलीचं भाडं थांबत नाही.

नव्या पॅटर्नला लागतं ते रोजचं लिखाण आणि ते तपासणारं कुणीतरी. लिखाण घरच्या टेबलावर होतं. तपासून घ्यायला आठवड्यातून एकदा लोकल पकडली तरी चालतं. म्हणून पहिली पूर्व परीक्षा घरून द्या. ती पास झालात तर मुख्य परीक्षेच्या महिन्यांपुरती खोली घ्या. घरात बसायला जागाच नसेल, तर आधी गावातली किंवा तळेगावची अभ्यासिका शोधा. आणि क्लासला पैसे भरण्याआधी बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या प्रशिक्षण योजनांत आपण बसतो का, ते बघा.

उत्तर लिहायचं म्हणजे काय?

आपल्याच तालुक्यातलं उदाहरण घेऊ. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी न्यायच्या प्रकल्पाला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. प्रकल्प पुढे वर्षानुवर्षं रखडला.

जुन्या पॅटर्नमध्ये यावर तारीख किंवा ठिकाण विचारलं गेलं असतं. आता प्रश्न असा येऊ शकतो: शहराची तहान आणि धरणाखालच्या शेतकऱ्याचा हक्क यात तुम्ही प्रांताधिकारी म्हणून काय कराल? इथं पाठांतर संपतं. दोन्ही बाजू, कायदा, आधी घ्यायला हवी होती ती बैठक आणि तुमचा निर्णय, हे सगळं मोजक्या शब्दांत आणि वेळेत बसवावं लागतं. आज याच प्रश्नाचं एक पान लिहून बघा. कुठं अडता ते लगेच कळेल.

किती वर्षं द्यायची?

खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. प्रयत्नांवर मर्यादा घालायचा निर्णय आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केला होता, पण पुढे तो मागे घेतला. म्हणजे बाविसाव्या वर्षी सुरुवात केली तर सोळा वर्षं फॉर्म भरत राहता येतं. धोका नेमका हाच आहे. आयोग तुम्हाला थांबवणार नाही, ते तुम्हालाच ठरवावं लागेल.

म्हणून आकडा पहिल्याच दिवशी ठरवा. दोन पूर्व परीक्षा म्हणा, नाहीतर तीन वर्षं. तो घरच्यांना सांगा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सोबत गट ब आणि गट क च्या परीक्षाही द्या. त्या अजून पर्यायी उत्तरांच्याच आहेत आणि पूर्व परीक्षेचा बराच अभ्यास तिथं चालतो. वैकल्पिक विषय निवडताना २६ विषयांच्या यादीत तुमच्या पदवीचा विषय आहे का, ते आधी बघा. तो असेल तर ठरवलेल्या वर्षांनंतर नोकरी शोधतानाही तोच उपयोगी पडेल.

वडिलांनी खोलीचं विचारलं, तर उत्तर असं द्या: “पूर्व पास होऊ दे, मग बघू. आणि इतक्या वर्षांत नाही झालं, तर थांबेन.” या उत्तराने घरच्यांनाही हिशोब मांडता येतो, आणि तुम्हालाही.